युगांडातल्या खेड्यात पाहुणे म्हणून जाताना

युगांडातल्या एखाद्या खेड्यात राहायला निघालेली तरुण मुलंमुली भेटली की त्यांचे पहिले प्रश्न सामानाचे असतात. बूट कोणते घ्यावेत, पॉवर बँक केवढी लागेल, मॅगीची पाकिटं न्यावीत का. मी त्यांना आधी उलटा प्रश्न विचारते : तुम्ही तिथे कोणाचे पाहुणे आहात? संस्थेचं नाव किंवा कंपालातल्या ऑफिसचा पत्ता नको. गावातल्या कोणत्या घरी, कोणाच्या शब्दावर उतरणार आहात ते सांगा. ज्यांच्याकडे याचं उत्तर असतं त्यांचा मुक्काम बहुधा चांगला होतो. ज्यांच्याकडे नसतं त्यांनी तिकीट काढण्याआधी ते शोधावं, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

हा लेख मसाका भागातल्या गावांविषयी आहे. कंपालापासून नैर्ऋत्येला साधारण १३० किलोमीटर, वाटेत विषुववृत्त ओलांडावं लागतं. हा बुगांडाचा मुलूख. इथले लोक बागांडा, भाषा लुगांडा, आणि घराभोवती केळी व कॉफीची एकत्र लागवड. याच देशाच्या ईशान्येला करामोजात गेलात तर गुराख्यांचा कोरडा प्रदेश लागेल, उत्तरेला अचोली लोकांत रीतीभाती निराळ्या. एकट्या युगांडात चाळिसेक भाषा बोलल्या जातात. तेव्हा ‘आफ्रिकेतलं खेडं’ असं सरसकट चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका. ज्या गावी जायचं त्या गावाची माहिती यजमानांना फोन करून विचारा.

कागदपत्रांचं काम सोपं आहे, फक्त वेळेवर करायला हवं. पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचे ५० डॉलर. केनिया आणि रवांडाही जोडायचे असतील तर १०० डॉलरचा संयुक्त व्हिसा घ्यावा. पीतज्वराची लस सक्तीची आहे. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, आणि एकदा घेतली की जन्मभर पुरते. ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा. परत येताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवतात. युगांडा एअरलाइन्सने २०२३मध्ये मुंबई-एंटेबे थेट विमान सुरू केलं. तिकीट काढण्याआधी त्याचं चालू वेळापत्रक बघून घ्या.

मलेरियाबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. ‘आपल्याकडेही डास आहेतच की’ म्हणणारी मुलं मला काळजीत टाकतात. युगांडात मलेरिया देशभर आणि बारा महिने असतो, आणि तो बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे झपाट्याने जिवावर बेतू शकणारा. महाराष्ट्रात वाढलो म्हणून आपल्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद आलेली नसते. प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावरही ४ आठवडे घ्यावी लागते, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर ७ दिवस. रात्री औषध लावलेल्या मच्छरदाणीतच झोपायचं, आणि तिच्या कडा गादीखाली खोचायच्या. यात सवलत नाही.

मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हा पावसाचा काळ. तांबड्या मातीचे आतले रस्ते तेव्हा इतके निसरडे होतात की मोटारसायकल चालवणाराही उतरून चालतो. पहिल्या खेपेला डिसेंबर ते फेब्रुवारी किंवा जून ते ऑगस्ट बरा.

सामान कमी न्या. डोक्याला बांधायची टॉर्च, चौकोनी पिनांच्या ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटला चालेल असा अ‍ॅडॉप्टर, पावसाचं जाकीट, बंद बूट. अनेक घरांत वीज नसते, छपरावर सोलरची लहानशी पाटी असते आणि तिच्यावर एखादा दिवा चालतो. फोन बाजाराच्या ठिकाणी पैसे देऊन चार्ज करून मिळतो. लष्करी छाप्याचे कपडे मुळीच नेऊ नका, सामान्य माणसाने ते घालणं तिथे बेकायदा आहे. मुलींनी गुडघ्याखाली येणारे स्कर्ट किंवा सलवार-कमीज घ्यावेत. गावातल्या बायका समारंभाला गोमेसी घालतात : टोकदार खांदे, कमरेला रुंद पट्टा, पायघोळ. कंपालातल्या गोमेस नावाच्या गोवेकर शिंप्याने हा पोशाख विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केला असं तिथे सांगतात. एखादी काकू तुम्हाला तिची गोमेसी नेसवायला निघाली तर आनंदाने नेसा.

पैशांचं असं, की डॉलरच्या नोटा नव्या आणि मोठ्या असाव्यात; जुन्या किंवा लहान नोटांना दर कमी मिळतो. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि मोबाइल मनी सुरू करा, खेड्यातला बराच व्यवहार त्यावरच चालतो. तरी शिलिंगच्या सुट्या नोटा जवळ हव्यातच.

कंपालाहून निघणाऱ्या चौदा आसनी गाड्यांना तिथे ‘टॅक्सी’ म्हणतात. त्यांना वेळापत्रक नसतं, गाडी भरली की सुटते. सकाळी लवकर निघा, म्हणजे उजेडात पोचाल. रात्रीचा रस्ता धोक्याचा आहे. हमरस्त्यापासून गावापर्यंत बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. हेल्मेट मागा. चालकाकडे नसेल तर दुसरा चालक शोधा.

गावात पोचल्यावर पिशव्या टाकून फिरायला निघू नका. आधी घरच्यांशी निवांत बसा, मग यजमानांबरोबर एलसी वनच्या अध्यक्षांना भेटायला जा. एलसी वन ही गावपातळीवरची स्थानिक परिषद. गावात कोण आलं, कोण गेलं, याची खबर तिच्या अध्यक्षांकडे असते आणि असायलाच हवी. नाव, कुठून आलात, किती दिवस राहणार, कशासाठी, हे सरळ सांगा. शाळेत, दवाखान्यात, चर्चमध्ये गेलात तर अभ्यागतांची वही पुढे येईल, तीत नीट अक्षरात लिहा. ही भेट टाळून हातात कॅमेरा घेऊन फिरणारा परका माणूस गावाला संशयास्पद वाटला, तर त्यात गावाचा दोष काढता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं : विचारपूस. बुगांडात कोणतंही बोलणं थेट कामापासून सुरू होत नाही. दुकानात केळ्यांचा भाव विचारायचा असला तरी आधी रात्र कशी गेली ते विचारायचं. सकाळी ‘वासुझे ओत्या’, उत्तर ‘बुलुंजी’. पुरुषाला ‘सेबो’, बाईला ‘न्याबो’ जोडायचं. मग घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत, मधूनमधून हलके हुंकार, आणि मग भाव. शेतात कुदळ मारणाऱ्या किंवा अंगण झाडणाऱ्या माणसाजवळून जाताना ‘जेबाले को’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या कष्टांबद्दल आभार मानायचे. तो तुमच्यासाठी राबत नसला तरीही. जेवण झाल्यावर रांधणारीला ‘वेबाले कुफुंबा’ म्हणा, ती उलट तुम्ही जेवलात म्हणून तुमचे आभार मानेल. एवढी पाच-सहा वाक्यं विमानात पाठ करता येतात. उच्चार चुकले तर लोक हसतील, पुन्हा म्हणायला लावतील, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची पोरं तुमची परीक्षा घेतील. हे सगळं सुरू झालं की समजा मुक्काम मार्गी लागला. घाईघाईत न विचारपूस करता पुढे जाणाऱ्याला मात्र गाव उद्धट समजतं, मग त्याने गावासाठी कितीही काही केलं तरी.

हस्तांदोलन करताना वडीलधाऱ्यांपुढे डावा हात उजव्या कोपराजवळ धरावा. वस्तू देता-घेताना उजवा हात किंवा दोन्ही हात. चटई अंथरली असेल तर तिच्यावर चपला घालून पाऊल टाकायचं नाही, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

मुली आणि बायका वडीलधाऱ्यांना, पाहुण्यांनाही, गुडघे टेकून नमस्कार करतात. आपल्याकडच्या अनेक मुलामुलींना हे पाहून अवघडल्यासारखं होतं. कोणी घाईने त्या बाईला उठवायला जातं, कोणी तिथल्या तिथे समतेवर बोलू लागतं. दोन्ही टाळा. शांतपणे, मान झुकवून उत्तर द्या. स्त्रियांनीच का गुडघे टेकायचे हा प्रश्न बुगांडातल्या शिकलेल्या मुलीही विचारतात, आणि त्यांच्याशी ओळख झाल्यावर तुम्ही तो जरूर बोला. पहिल्या दिवशी परक्या अंगणात तो निकाली काढायचा तुम्हाला अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्या मुलीने गुडघे टेकावेत अशी अपेक्षा नसते. किंचित वाकलं तरी आजीबाई खूश होतात.

वेळ ठरवताना दोनदा खात्री करा. लुगांडात तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात तो पहिला तास. कोणी ‘तिसऱ्या तासाला या’ म्हणालं तर ते नऊ वाजता. इंग्रजीत बोलतानाही काही जण हाच हिशेब मनात ठेवतात, म्हणून ‘नाश्त्याआधी की नंतर?’ असं विचारून घ्यावं.

जेवणाची धास्ती बाळगायचं कारण नाही. मटोके, म्हणजे हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानांत बांधून, मंद जाळावर तासन्‌तास वाफवून कुस्करलेली. सोबत शेंगदाण्याचं दाट कालवण, घेवडा, माठासारखी डोडोची भाजी, रताळं, कसावा. जेवणाआधी कोणीतरी तांब्याने तुमच्या हातावर पाणी घालेल, आणि खायचं हातानेच. चव सौम्य असते. लगेच पिशवीतून लसणाची चटणी काढून वर भुरभुरू नका, निदान पहिले दोन दिवस त्या केळ्याची चव समजून घ्या. बाजाराच्या ठिकाणी गरम चपाती मिळते, तिच्यात ऑम्लेट गुंडाळलं की त्याला ‘रोलेक्स’ म्हणतात. चपाती भारतीयांबरोबर गेली आणि आता ती पूर्णपणे युगांडाची झाली आहे.

शाकाहारी असाल तर गावी पोचण्याच्या आधी कळवा, पोचल्यावर नाही. पाहुण्यासाठी कोंबडी कापणं हा मोठा मान आहे. ती शिजून ताटात आल्यावर नको म्हणणं फार वाईट दिसतं, आणि त्या घरासाठी कोंबडी ही लहान गोष्ट नसते. भारतीयांत काही जण मांस खात नाहीत हे बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. मासे आणि अंडी चालतात की नाही, तेवढं वेगळं सांगा. नोव्हेंबरच्या सुमारास गेलात तर मसाकात सर्वत्र नसेनेने दिसतील : पंख-पाय काढून तळलेले नाकतोडे, तिथला आवडता खाऊ.

एखादा बागांडा माणूस मात्र नसेनेनेला हात लावणार नाही, कारण त्याचं कूळच नसेनेने. बागांडांची पन्नासेक कुळं आहेत आणि प्रत्येकाचं कुलचिन्ह आहे : माकड, बिबट्या, हत्ती, अळंबी, फुप्फुसमासा. आपलं चिन्ह खायचं नाही आणि त्याच कुळात लग्न करायचं नाही. ज्याने घरी देवक ऐकलं-पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको. मला विचाराल तर मराठी मुलाने बुगांडात गप्पा सुरू करायच्या त्या इथूनच. कूळ विचारा, मग तुमच्या देवकाबद्दल सांगा. म्हातारी माणसं सरसावून बसतात, शेजारच्याला हाक मारतात, आणि तुम्हाला एखाद्या कुळात घालण्याचा विचारही सुरू होतो. भिंतीवर कबाकाचा, म्हणजे बुगांडाच्या राजाचा फोटो असेल. युगांडातली राजघराणी १९६७मध्ये बरखास्त झाली आणि १९९३मध्ये पुन्हा मान्यता पावली. त्याविषयीच्या भावना तीव्र आहेत, तेव्हा ऐका, मतं देऊ नका. समलैंगिकतेविरुद्धचा २०२३चा कायदाही अतिशय कडक आहे. त्या विषयावर जाहीर बोलण्याआधी स्वतःच्या आणि यजमानांच्या सुरक्षिततेचा विचार करा.

पाणी हातपंपावरून येतं, पिवळ्या २० लिटरच्या जेरीकॅनमधून. पंपावर माणसांऐवजी कॅनच रांगेत उभे असतात. तो पंप नीट बघा. १९६०च्या दशकात जालन्यात मिशनच्या लोकांनी बोअरवेलसाठी मजबूत पोलादी हातपंप बनवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि त्यातूनच १९७०च्या दशकात युनिसेफच्या साथीने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. युगांडाने तो आपल्या गरजेप्रमाणे बदलून ‘यू टू’ या नावाने स्वीकारला. मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांनी ज्या दांड्याला लोंबकळून पाणी काढलं, त्याच वंशातला दांडा तिथे तुमच्या हाती येईल. कॅन भरायला हात लावा, आणि अंघोळ एका टोपात उरका. भरलेला कॅन डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या मुलीकडे पाहिलं की एका टोपाच्या वर पाणी मागवत नाही. प्यायचं पाणी उकळलेलंच घ्या. शौचालय खड्ड्याचं असतं. टॉर्च, बाटलीत पाणी आणि साबण घेऊन जा. अनवाणी फिरू नका, जिगर नावाची पिसू तळपायात शिरते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात उतरू नका, बिलहार्झियाचा धोका असतो. बाहेर वाळत घातलेले कपडे इस्त्री करूनच घाला, कारण एक माशी त्यांच्यावर अंडी घालते आणि त्यांतून निघालेल्या अळ्या कातडीत शिरतात.

आता एक विषय असा, की जो गोऱ्या प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सापडणार नाही. तुम्ही तिथे ‘मुयिंडी’ आहात, भारतीय. या ओळखीला इतिहास आहे. १८९६ ते १९०१ दरम्यान मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत युगांडा रेल्वे टाकायला सुमारे ३२,००० मजूर भारतातून नेले गेले. त्यांच्यामागोमाग व्यापारी आले. कापूस आणि कॉफीची खरेदी, दुकानं, साखर कारखाने त्यांच्या हातात गेले, आणि शेतकऱ्याला भाव देणारा माणूस भारतीय झाला. ऑगस्ट १९७२मध्ये तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. १९९०च्या दशकात त्यांच्यापैकी काही परतले, नवेही गेले. गावातल्या आजोबांना दोन्ही गोष्टी आठवतात : उधार देणारा दुकानदार, आणि मागच्या दाराने बोलावणारा मालक. ते हे बोलून दाखवतील. बचाव करू नका, ऐकून घ्या.

ते आणखीही विचारतील. आमची मुलं तुमच्या पुण्यात शिकायला येतात, त्यांना घर का मिळत नाही? रस्त्यात काय म्हणून हाका मारतात? २०१७मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना झालेली मारहाण तिकडच्याही बातम्यांत होती. याला खरं उत्तर द्या : हो, आमच्याकडे रंगावरून भेदभाव होतो, आणि तो वाईट आहे. सारवासारव लगेच ओळखू येते. कंपालातले काही भारतीयही तुम्हाला सांगतील की खेड्यात जाऊ नका, ‘हे लोक’ असे आणि तसे. दवाखाना कोणता चांगला, पैसे कुठे बदलावेत, एवढं त्यांच्याकडून जरूर शिका. माणसांबद्दलचं मत मात्र स्वतः राहून बनवा. दुसऱ्या बाजूने, झी वर्ल्डवर इंग्रजीत येणाऱ्या हिंदी मालिका तिथे घराघरांत पाहतात. सासू-सुनांचं पुढे काय झालं हे तुम्हाला ठाऊक असणारच, असं गृहीत धरून बायका तुम्हाला धरून बसवतील.

भेट काय न्यावी? तिथली रीत सोपी आहे : साखर, साबणाची लांब वडी, पाव, तांदूळ, तेल. बाजाराच्या ठिकाणीच घ्या, म्हणजे पैसाही तिथेच राहतो. घरून न्यायचीच असेल तर शेंगदाण्याची चिक्की न्या. रस्त्यात पोरांना गोळ्या-पेनं वाटत सुटू नका. त्याने पुढच्या प्रवाशामागे हात पसरून धावणारी मुलं तयार होतात, आणि त्यांच्या आईबापांची मान खाली जाते. फोटो काढण्याआधी विचारा, मुलांचा असेल तर पालकांना.

शाळेच्या फीसाठी मदत मागितली जाईल, हे नक्की. १९९७पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत आहे, पण गणवेश, जेवण, वह्या आणि पुढची माध्यमिक शाळा यांचा खर्च वर्षातून तीनदा, दर सत्राच्या तोंडावर उभा राहतो. ‘घरी जाऊन बघतो’ असं गुळमुळीत बोलू नका. समोरची बाई त्या शब्दावर मुलाचं सत्र ठरवते. जमणार नसेल तर तेव्हाच नम्रपणे नाही म्हणा. जमणार असेल तर यजमानांशी बोलून, शाळेच्या खात्यात, एका सत्रापुरते भरा. आणि अनाथाश्रमात दोन आठवडे ‘मुलांबरोबर वेळ घालवायला’ जाण्याचे कार्यक्रम कितीही गोड वाटले तरी घेऊ नका. अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलांना घरापासून तोडलं जातं, आणि दर पंधरवड्याला नव्या ताई-दादांची सवय लागून तुटते. शिकवायची हौस असेल तर पूर्ण सत्रभर थांबायची तयारी ठेवा.

निघताना तुमच्या हाती केळीचा घड, अननस, कदाचित जिवंत कोंबडीही येईल. घ्या. नाही म्हणून त्यांना लहान करू नका. न्यायला जमत नसेल तर वाटेत कोणाला द्यायचं ते यजमानांनाच विचारा. घरातलं कोणीतरी बोडापर्यंत सोबत चालत येईल, त्यामुळे निघण्याच्या वेळेत अर्धा तास जास्त धरा. काढलेले फोटो आठवड्याच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि कंपालात छापून घेता आले तर टॅक्सीवाल्याबरोबर गावी पोचवा.

घरी आल्यावर मलेरियाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवा. पुढच्या तीन महिन्यांत केव्हाही ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी युगांडाला जाऊन आले आहे किंवा आलो आहे.